एका गोमुखाच्या पांच वाटा

सुटी जवळ आली कीं घरोघर मोटारीच्या प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि बेत म्हटला कीं स्थळांची यादी ही आलीच. इतके किलोमीटर, इतकीं स्थळें, प्रत्येक स्थळीं इतकीं छायाचित्रें! यादी जितकी लांब तितका प्रवास थोर, असा कांहींसा समज अलीकडे रूढ झालेला दिसतो. परत आल्यावर मुलांस विचारावें, "काय पाहिलेंत?" तर उत्तर येतें, "खूप मजा आली." मजा आली हें ठीकच आहे, परंतु चार दिवस डोंगर, अरण्यें व नद्या यांच्या संगतींत काढून आलेल्या मुलास एवढें एकच वाक्य सांगतां यावें, हें आमच्यासारख्या आयुष्यभर खडूची धूळ खाल्लेल्या माणसास कसेंसेंच वाटतें.

आमच्या घरांतील मुलें तशीं हुशार आहेत. थोरली नात नववींत, मधली सहावींत आणि धाकटा नातू दुसरींत शिकतो. स्नानाच्या वेळीं ज्या सात नद्यांचें आवाहन करावयाचें तो श्लोक तिघांसहि मुखोद्गत आहे. तो आम्हींच त्यांच्याकडून घोकून घेतला. परंतु त्या सात नांवांत कृष्णा नाहीं, ही गोष्ट कधीं वाचकांच्या ध्यानांत आली आहे काय? गंगा-यमुना आहेत, सिंधु आणि सरस्वती आहेत, खालच्या बाजूच्या नर्मदा, गोदावरी व कावेरी आहेत; कृष्णा मात्र नाहीं. आणि गंमत अशी कीं, पुण्यांतील आमच्या न्हाणीघरांत नळाला येणारें पाणी कृष्णेच्याच कुळांतलें! खडकवासल्याहून येणारी मुठा शहरांत मुळेस मिळते, मुळा-मुठा पुढें भीमेंत जाते, आणि भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते. ज्यांच्या नांवानें स्नान करावयाचें त्या नद्या दूरदेशीं, आणि जिच्या पाण्यानें करावयाचें तिची ओळखहि नाहीं, असा हा प्रकार आहे.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं घरांत असें सुचविलें कीं, यंदा स्थळें पाहावयाचीं नाहींत, पाणी पाहावयाचें. सह्याद्रीच्या माथ्यावर, क्षेत्र महाबळेश्वरीं, एका गोमुखांतून पांच नद्या निघतात अशी श्रद्धा आहे. त्यांपैकीं जितक्यांच्या मागोमाग मोटारीनें जातां येईल तितक्यांच्या जावयाचें. चिरंजिवांनीं अगोदरच पोहण्याचा तलाव असलेल्या एका विश्रामगृहांत तीन रात्रींची सोय पाहून ठेविली होती, त्यामुळें त्यांचा चेहरा उतरला. परंतु सूनबाई म्हणाली, "मामंजी म्हणतात तसें एकदां करून पाहूं. तलाव काय, आपल्या सोसायटींतहि आहे." तेव्हां बेत ठरला. सात आसनांची मोटार, सात माणसें. दशम्या, तिळाची चटणी, आवळासुपारी, आलेपाक आणि प्रत्येक मुलाजवळ एक वही.

मोटारीच्या प्रवासांत मुलांस घाट म्हणजे केवळ वळणें वाटतात. वास्तविक घाट म्हणजे बहुधा दोन नद्यांच्या घरांमधील भिंत असते. कात्रजचा डोंगर ओलांडला कीं मुठेचें खोरें संपून नीरेचें लागतें. आतां तो बोगद्यांतून निमिषांत पार होतो, त्यामुळें ही भिंत कळतहि नाहीं. पुढें शिरवळजवळ नीरा ओलांडून खंबाटकी घाट चढावा, कीं पलीकडच्या उतारापासून कृष्णेचें घर लागलें. हें एकदां सांगितल्यावर मुलांनीं चारहि दिवस प्रत्येक चढाच्या शेवटीं "आतां कोणाचें घर?" असा घोष लावला. मोटारींतील नकाशा दाखविणाऱ्या यंत्रांत एक बाई सारखी उजवीकडे-डावीकडे वळावयास सांगत असते. तिला हा प्रश्न विचारून धाकट्यानें पुष्कळ छळलें. ती बिचारी काय उत्तर देणार! मात्र त्याच यंत्रावर थोरल्या नातीनें नद्यांच्या निळ्या रेषा बोटानें मागें मागें नेऊन त्यांचीं मुळें शोधून काढलीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. यंत्र वाईट नसतें. त्याला विचारावें काय, तें ठाऊक असावें लागतें.

वाईस कृष्णेचें पहिलें दर्शन. घाट, देवालयें आणि संथ पाणी. विश्वकोशाचें गांव म्हणून आम्हांस वाईविषयीं विशेष आदर आहे. परंतु मुलांस तेथें जर कांहीं आवडलें असेल तर तें ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू. हें देऊळ रास्ते घराण्यानें इ. स. १७६२ मध्यें अगदीं नदीच्या पात्राशीं बांधिलें. पूर येणार हें बांधणारास पक्कें ठाऊक होतें. म्हणून मागची भिंत सरळ न ठेवतां माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, जेणेंकरून पुराचा लोंढा तिच्यावर आपटून न बसतां दोहों अंगांनीं फांकून जावा. मधल्या नातीनें तिच्या कडेवरून हात फिरवून पाहिला व वहींत तिची आकृति काढली. पुढल्या बाजूस दर्शनाची रांग होती; मागच्या बाजूस आम्हांवांचून कोणी नव्हतें.

पसरणीच्या घाटांत मधलीस मोटार लागली. हा प्रसंग कोणत्याहि कुटुंबास चुकत नाहीं, म्हणून दोन शब्द. मुलास मागच्या आसनावर पुस्तक किंवा फोन पाहूं देऊं नये; रिकाम्या पोटीं अथवा भरल्या पोटीं घाटांत नेऊं नये; आणि त्यास लांबचा डोंगर पाहावयास सांगावा. आलेपाकापेक्षां मोटार थांबविणें हा उपाय अधिक गुणकारी आहे. आम्ही थांबलों म्हणूनच खालीं धोम धरणाचा जलाशय मुलांनीं पोटभर पाहिला, नाहीं तर तो वळणामागें गेलाच होता. पांचगणीचीं उंच, रुपेरी पानांचीं झाडें पाहून सर्वजण "काय सुंदर अरण्य!" म्हणाले. तीं सिल्व्हर ओकचीं झाडें मूळचीं ऑस्ट्रेलियांतील, लावलेलीं आहेत. त्यांस अरण्य म्हणावयाचें नाहीं, एवढें आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें सांगून टाकलें.

खरें अरण्य महाबळेश्वराच्या माथ्यावर भेटतें. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा यांची दाट, फार उंच न वाढलेली, शेवाळलेल्या बुंध्यांची राई. खालीं दमट सांवली. येथें वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि अवघ्या कांहीं कोसांवरील वाईस त्याचा लहानसा अंशच मिळतो. एवढें पाणी चार महिन्यांत कोसळल्यावर तें चार महिन्यांतच वाहून कां जात नाहीं? तर पानें त्याचा जोर मोडतात, पालापाचोळा तें धरतो, मुळें तें जमिनींत उतरवितात आणि खालचा सच्छिद्र जांभा दगड तें सांठवून थेंबाथेंबानें सोडतो. म्हणजे गोमुख हें नदीचें तोंड. पोट मात्र वरचें अरण्य. इ. स. २००१ मध्यें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून सरकारनें घोषित केला, त्याचें कारण हेंच. एका फांदीवरून शेकरू झेपावलें तेव्हां धाकटा इतका ओरडला कीं तें पुन्हां दिसलें नाहीं.

क्षेत्र महाबळेश्वर हें बाजारपेठेच्या गांवाहून निराळें, पांच-सहा किलोमीटरांवर आहे. तेथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे प्रवाह भिंतींतून येऊन एकत्र होतात आणि गोमुखांतून कुंडांत पडतात. भागीरथी बारा वर्षांनीं व सरस्वती साठ वर्षांनीं येथें प्रगट होते अशी परंपरा आहे. मुलें हात जोडून उभीं होतीं. इतक्यांत धाकट्यानें मोठ्यानें विचारिलें, "आजोबा, सगळ्या एकाच तोंडांतून पडतात, मग कोणतें पाणी कोणाचें हें त्यांना कसें कळतें?"

शेजारच्या मंडळींनीं वळून पाहिलें. आजींनीं त्यास डोळ्यांनीं दटाविलें. परंतु प्रश्न लाखमोलाचा होता. आम्हीं सर्वांस बाहेर नेलें आणि जवळच्या कृष्णाबाईच्या जुन्या पाषाणी देवळापाशीं, जेथून कृष्णेचें खोरें खालीं पसरलेलें दिसतें, तेथें दशम्यांच्या डब्याचें झांकण पालथें घातलें. एका कडेखालीं गारगोटी ठेवून तें किंचित् तिरपें केलें. माथ्याच्या कडेवर पाणी ओतलें. कांहीं थेंब कडेवरून धाडकन् खालीं पडले. बाकीचे सावकाश उतरत्या बाजूनें दूर गेले. सह्याद्रीचा हा आकार असाच आहे. साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेल्या शिलारसाचे थरावर थर बसून हें पठार झालें. त्याची पश्चिमेची बाजू तुटक्या कड्याची, आणि पूर्वेची उतरत्या पाटाची. अरबी समुद्र येथून अवघा ६४ किलोमीटर. तरी कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि सुमारें चौदाशें किलोमीटर चालून आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री-गायत्री कड्यावरून पश्चिमेस उतरतात आणि थोडक्यांत समुद्र गांठतात. एका माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकीं एक या समुद्रास आणि दुसरा त्या समुद्रास जातो, आणि त्यांच्यामध्यें कधीं कधीं वीतभर कातळाचेंच अंतर असतें.

"मग गोमुखाची गोष्ट खोटी?" थोरलीनें विचारिलें. खोटी नव्हे. ज्यांनीं पंचगंगेचें स्थान ठरविलें त्यांनीं हें पठार पायांखालीं घातलें होतें, आणि पांच नद्यांचा उगम या एका माथ्याशीं आहे हें त्यांस कळलें होतें. तें त्यांनीं नकाशांत न काढतां देवळांत मांडलें. पुराणपरंपरेंत कोयनेस ककुद्मती म्हणतात. ककुद् म्हणजे शिखर, किंवा बैलाचें वशिंड. शिखरवाली नदी ती ककुद्मती. हें नांव ठेवणारास भूगोल येत नव्हता असें कोण म्हणेल?

तिसऱ्या प्रहरीं आर्थर सीटच्या कड्यावरून सावित्रीची खोल दरी पाहिली. सकाळीं पाहिलेली कृष्णेची बाजू आणि ही बाजू यांतला फरक सांगावा लागला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं केळघर घाटानें वेण्णेबरोबर मेढ्यास उतरलों आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीस ती कृष्णेस मिळतांना पाहिली. रामशास्त्री प्रभुण्यांचें हें गांव. नदीकांठचीं देवळें देखणीं आहेत; ऊन फार होतें म्हणून रेंगाळलों नाहीं.

कऱ्हाडास मात्र संध्याकाळपर्यंत बसलों. कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना तिच्या अगदीं समोरून. दोन बहिणी धांवत येऊन एकमेकींस मिठी मारतात आणि मग दोघी मिळून पूर्वेस वळतात. म्हणून याला प्रीतिसंगम म्हणतात. दोन नद्या अशा तोंडास तोंड देऊन भेटतात असें दृश्य विरळा. कांठावर यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. महाबळेश्वरीं एका दगडांतून निघालेल्या या दोघी, एक पूर्वेच्या वाटेनें आणि दुसरी डोंगराच्या आडून, इतका वळसा घालून येथें भेटल्या, हें मुलांस आपोआप उमगलें. मधलीनें तर "कृष्णेला वेण्णा आधीं भेटली, म्हणून ती हिला वेण्णेची हकीकत सांगत असेल," अशी कल्पना लढविली.

मुलांस पाण्यांत उतरावयाचें होतें. आम्हीं उतरूं दिलें नाहीं. चिरंजिवांस हें जाचक वाटलें. परंतु या बाबतींत आमचें मत ठाम आहे: अपरिचित नदींत, विशेषतः संगमावर व धरणाखालीं, घोट्याच्या वर पाण्यांत मूल उतरवूं नये, आणि पावसाळ्यांत धबधब्याच्या वाटेंत तर उभेंहि करूं नये. इ. स. २०२४ च्या ३० जून रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत उभें असलेलें एक कुटुंब क्षणार्धांत वाढलेल्या पाण्यानें मुलांसकट वाहून गेलें. वर कोठें पाऊस पडला हें खालीं उभ्या असलेल्यास दिसत नाहीं. पाणी मात्र तेथूनच येतें. ही गोष्ट आम्हीं मुलांस तेथेंच, समोर वाहतें पाणी दाखवून सांगितली. तीं गप्प झालीं, पण रुसलीं नाहींत.

तिसऱ्या दिवशीं पाटणवरून कोयनेच्या कांठाकांठानें वर गेलों. महाबळेश्वराहून निघालेली कोयना कृष्णेसारखी लगेच पूर्वेस वळत नाहीं. डोंगराची एक रांग उजव्या व एक डाव्या हाताशीं घेऊन ती सरळ दक्षिणेस सुमारें पांसष्ट किलोमीटर जाते, आणि हेळवाकपाशीं काटकोनांत पूर्वेस वळते. त्या वळणाच्या अलीकडेच, कोयनानगरास, तिला अडविली आहे. धरणाची उंची १०३ मीटर. मागें शिवसागर पसरलेला. त्याची सांठवण १०५ टीएमसी म्हणजे तितके अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारें २,८३१ कोटि लिटर. जलाशयाच्या भोंवतालचें रान आतां सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. तो इ. स. २०१० मध्यें झाला, आणि २०१२ मध्यें कोयनेचें अभयारण्य पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून गणलें गेलें.

बागेंतून धरण समोर दिसतें. त्याची खरी करामत मात्र दिसत नाहीं, ती डोंगराच्या पोटांत आहे. जी पश्चिमेची भिंत कोयनेस पांसष्ट किलोमीटर फोडतां आली नाहीं, तिला माणसानें भोंक पाडलें. जलाशयाचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन, कोंकणच्या बाजूस पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत शेंकडों मीटर खालीं सोडतात. १९६२ पासून हें चाललें आहे. सर्व टप्पे मिळून वीजनिर्मितीची शक्ति १,९६० मेगावॅट. जलविद्युताचा विशेष असा कीं कांहीं मिनिटांत ती सुरू करतां येते; म्हणून संध्याकाळीं घरोघर एकदम दिवे लागतात तेव्हां तिचा मोठा आधार होतो. वर्षास ६७.५ टीएमसी पाणी या कामीं पश्चिमेस सोडण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादानें दिलेली आहे.

थोरली वही मिटून म्हणाली, "म्हणजे कृष्णेस मिळावयाचें पाणी अरबी समुद्रांत जातें! झांकणाच्या उतारावरचा थेंब उलटा चढला." एवढ्यासाठीं आम्हीं चार दिवस खर्चिले असते तरी ते सार्थकीं लागले असते.

परंतु कोयनेची गोष्ट एवढ्यावर संपली नाहीं. टपरीवर चहा घेत असतां सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ शेजारीं येऊन बसले. धाकटा बोटानें जलाशय दाखवून "केवढें मोठें पाणी!" म्हणत होता. ते हंसून म्हणाले, "व्हय बाळा. आमचं गाव त्याच्याच खाली हाय." धाकट्यास वाटलें, ते थट्टा करीत आहेत. त्यानें विचारिलें, "मग तुमची शाळा?" "शाळा देवळातच भरायची. देऊळबी तितंच." "दिसतें का?" "पानी लई आटलं तर कळस दिसतो म्हनत्यात. म्या काय बघाय गेलो न्हाई." वडिलांस लांबच्या जिल्ह्यांत जमीन दाखविली होती, ते तेथें रुळले नाहींत, परत येऊन वरच्या वाडीस राहिले, एवढें त्यांनीं सांगितलें. तक्रारीचा सूर नव्हता. मग १९६७ चा भूकंप निघाला. त्या सालच्या ११ डिसेंबरच्या पहांटे कोयनानगर उद्ध्वस्त झालें आणि पावणेदोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें. पुढें तें बळकट करण्यांत आलें. एवढ्या पाण्याचा भार व त्याचें खडकांत झिरपणें यांमुळें या भागांत धक्के बसतात असें भूशास्त्रज्ञ मानतात. "झोपेत व्हतो. बाहेर पडलो ते अंगणात सकाळपतुर बसलो," इतकेंच ते म्हणाले, आणि चहाचे पैसे आम्हांस देऊं दिले नाहींत.

मोटारींत बसल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मधलीनें विचारिलें, "आजोबा, आपल्या घरचे दिवे त्यांच्या गांवामुळें लागतात का?" आम्हीं "होय, त्यांतले कांहीं" असें उत्तर दिलें. चिरंजिवांनीं आरशांतून आमच्याकडे पाहिलें. रात्रीं चिपळुणास मुलें झोंपल्यावर विषय निघाला. त्यांचें म्हणणें असें: "बाबा, तीं सुटींत आलीं आहेत. त्यांच्या हातून ज्याचें कांहीं होण्याजोगें नाहीं असलें ओझें त्यांच्यावर कां घालावें? आणि वीज नसती तर चार कोटींचें दारिद्र्य कोणी हटविलें असतें?" हा दुसरा मुद्दा खोटा नाहीं. धरणें बांधावयास नको होतीं असें आम्हीहि म्हणत नाहीं. कंदिलाच्या उजेडांत अभ्यास केलेल्या माणसानें तसें म्हणूं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या मुलीनें प्रश्न आपण होऊन विचारला तिला खोटें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कोयनेच्या खोऱ्यांतून उठलेलीं कुटुंबें अर्धशतक उलटल्यावरहि आपल्या हक्काची जमीन मागण्यासाठीं धरणें धरून बसलीं; आणि आमच्या बैठकींत मात्र कोयना म्हणजे भूगोलाच्या पेपरांतील दोन गुणांचा प्रश्न. सूनबाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "ओझें कसलें? तिनें वहींत त्या आजोबांचें देऊळ काढलें आहे, पाण्याखालचें. मासे पण काढले आहेत. निजण्यापूर्वीं मला दाखविलें." चिरंजीव वही उघडून पाहावयास गेले. ते काय म्हणाले तें आम्ही येथें लिहीत नाहीं. घरांतील सर्वच गोष्टी मासिकांत देण्याजोग्या नसतात.

कोयनानगराहून चिपळुणास उतरतांना कुंभार्ली घाट लागतो. हा घाट दिवसाउजेडींच उतरावा: वळणें आंखूड, मालमोटारी फार, आणि दाट झाडींतून खालीं कोंकण दिसतें तें अंधारांत फुकट जातें. पायथ्याशीं पोफळी. तेथील अवजल, म्हणजे वीजगृहांतून सुटलेलें कोयनेचें पाणी, पुढें वाशिष्ठीस मिळतें आणि दाभोळच्या खाडीवाटे समुद्रास जातें. चिपळूणच्या पुलावरून मुलांनीं वाशिष्ठींत कोयना शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. बाजारपेठेंत एका दुकानाच्या भिंतीवर डोक्याच्याहि वर एक रेघ मारून "२२ जुलै २०२१" असें लिहिलेलें होतें. पुराचें पाणी तेथपर्यंत आलें होतें. धाकट्यास खांद्यावर घेतलें तेव्हां त्याचा हात त्या रेघेस लागला. परशुरामाचें दर्शन सकाळीं घेतलें.

परतीच्या वाटेवर कशेडी ओलांडून पोलादपुरास आलों आणि सावित्री भेटली. पहिल्या दिवशीं जिची दरी कड्यावरून पाहिली होती तीच, आतां रुंद, सपाट आणि सोज्ज्वळ. महाडच्या अलीकडे महामार्गाचा पूल आहे तो नवा. येथील इंग्रजी अमदानींतील दगडी पूल इ. स. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं पुरांत वाहून गेला, आणि पाठोपाठ अंधारांतून येणाऱ्या दोन एस. टी. गाड्या व कांहीं लहान वाहनें पाण्यांत गेलीं. वर्षाच्या आंत, जून २०१७ मध्यें, नवा पूल खुला झाला. पुलावर मोटार उभी करतां येत नाहीं. पलीकडे उतरून, बाजूस घेऊन थांबलों. मुलांस पूल पडल्याची हकीकत चिरंजिवांनींच सांगितली, आम्हीं नव्हे. त्यांनीं वाईच्या देवळाच्या निमुळत्या भिंतीची आठवणहि करून दिली.

धाकटा बोटें मोजीत होता. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री. चार बोटें मिटलीं, अंगठा उभा राहिला. "गायत्री कोठें आहे?" ती वरच सावित्रीस मिळते, ही दिसते तींतच ती आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यानें पाण्याकडे बराच वेळ निरखून पाहिलें आणि अंगठा तसाच उभा ठेवला. "मला ती निराळी दिसली पाहिजे," तो म्हणाला. उन्हाळ्याच्या सुटींत आंबेनळी घाटानें पुन्हां वर जावें लागणार असें दिसतें. विश्रामगृहाचा विषय तूर्त कोणी काढलेला नाहीं.